गॅलनला पस्तीस मैल

आमच्या गाडीला पाणी लागत नसे. जळगावात तेव्हा ज्यांच्या दारात मोटारी होत्या ती मंडळी उन्हाळ्यात पाण्याचे डबे बरोबर घेऊनच निघत. वाटेत गाडी तापली की कडुनिंबाखाली थांबायचं, फडक्याने झाकण धरून उघडायचं आणि वाफ निवेपर्यंत वाट बघायची. आमची गाडी नुसत्या वाऱ्यावर थंड व्हायची. इंजिन मागे, पेट्रोलची टाकी पुढच्या झाकणाखाली, आणि बसायला जागा दोनच. भुसावळला यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परत निघाला तेव्हा ह्यांनी ती त्याच्याकडून घेतली. मुळात शर्यतीत पळवायची गाडी, पण ह्यांनी ती पेशंट बघायला रोज खेड्यापाड्यांतून फिरवली. हे डॉक्टर होते. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना आणि मागे आम्ही.

गाडी जोरात पळते याचं ह्यांना काही नव्हतं. ती कमी पिते याचा अभिमान होता. एका गॅलनला पस्तीस मैल. पेशंटची नाडी बघता बघतासुद्धा हे तो आकडा सांगत. ह्यांचे एक वकील मित्र होते. त्यांची लांबलचक अमेरिकन गाडी गॅलनला बारा मैलही जेमतेम जाई. ते संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि म्हणत, "डॉक्टर, तुमच्या गाडीला पाणी नको, मागे बसायला माणूस नको. आता पेट्रोलही नको म्हणा आणि मोकळे व्हा."

"तुमची गाडी उभ्या उभ्या जेवढं पिते तेवढ्यात मी नशिराबादला जाऊन येतो," हे म्हणायचे.

आत चहा गाळताना मला हसू यायचं. कारण तो पस्तीसचा आकडा मी काढलेला असायचा.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण गणित बरं होतं. गाडीचं मीटर किलोमीटरचं, आणि आपल्याकडे सगळा हिशोब मैलांत. ह्यांनी मला एकदा दाखवलं, पाचाने गुणायचं आणि आठाने भागायचं. दर रविवारी सकाळी हे टाकी काठोकाठ भरून आणत. किती गॅलन पेट्रोल मावलं ते सांगत, मीटरवरचा आकडा सांगत, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसे. तीनशे छत्तीस किलोमीटर, म्हणजे दोनशे दहा मैल. सहा गॅलन पेट्रोल. पस्तीस. "हं, लिही," हे म्हणत, आणि तेवढा वेळ आरामखुर्ची माझ्याकडे वळवून बसलेले असत.

मी फार बुजरी होते. चारचौघांत सोडाच, ह्यांच्यासमोरही माझ्या तोंडून धड वाक्य निघत नसे. आठवड्यातून एकदा तो भागाकार करताना मात्र मी न अडखळता बोलत असे. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि आमचं खरं बोलणं तेवढंच होतं.

माझं माहेर नशिराबादच्या पुढे, वाघूर नदीकाठी. घरी केळी होत्या. धाकटा भाऊ दर शनिवारी सायकलवर बाजाराला येई आणि आईने दिलेलं काही ना काही आणून देई. कधी ताक, कधी घरच्या शेंगांचं तेल. आमच्याकडे माहेरचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. काही नसलं तरी चिमूटभर साखर घालतात. एका शनिवारी भाऊ तेलाचा डबा घेऊन आला. मी तेल ओतून घेतलं, डबा घासला, आणि बघते तर साखर संपलेली.

"राहू दे अक्का," भाऊ म्हणाला. "साखर काय करायची? विहिरीवरच्या इंजिनाले सुरू कराले पेट्रोल लागते. एकदा धडधडलं की मग रॉकेलवर चालते, पण सुरू कराले पेट्रोलच पाहिजे. दाजीच्या गाडीत मोक्कार असंल. तेच घाल थोडं."

तो थट्टेत म्हणाला. मीही हसले. पण मग मला वाटलं, खरंच, का नको? साखर घरातली, पेट्रोलही घरातलंच. दुपारची वेळ होती, हे जेवून झोपले होते. गाडीची किल्ली खुंटीला होती. दवाखान्यात एनिमाची रबरी नळी खिळ्याला टांगलेली असे, ती मी घेतली. पुढचं झाकण उघडलं, नळी टाकीत सोडली, तोंडाने ओढलं. पहिल्यांदा घोटभर तोंडात गेलं. ओकारी आली, डोळ्यांत पाणी आलं. पण डबा भरला.

"दाजीले विचारलं ना?" भावाने झाकण लावता लावता विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तो पहिला खोटेपणा. त्यात मला काही जड गेलं नाही, हे लिहायला हवं. उलट दिवसभर बरं वाटत राहिलं. त्या घरात माझं म्हणून काही नव्हतं. मी कोणाला काही दिलं असं कधी झालं नव्हतं. आता माहेरच्या केळींना पाणी चढत होतं ते माझ्यामुळे.

पुढच्या शनिवारी आईचा निरोप आला की त्या डब्यातल्या तेलाला घासलेटासारखा वास येतो, सगळं फेकावं लागलं. म्हणून भावाने दोन डबे आणले. एक तेलाचा, भरलेला. दुसरा पत्र्याचा, अर्ध्या गॅलनाचा, रिकामा. मी तोही भरला. भांडं रिकामं परत पाठवू नये हा रिवाज आहे. पण मुळात रिकाम्याच आलेल्या डब्याला तो लागू होत नाही, एवढं मला कळत होतं. मी कळू दिलं नाही.

मग ते दर शनिवारचं झालं. वास जावा म्हणून मी लवंगा चघळत असे. एकदा ह्यांनी विचारलं, "दात दुखतो का?" मी मान हलवली. ह्यांनी मला उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं, एकेक दात चमच्याच्या दांड्याने ठोकून बघितला आणि एका चांगल्या दाढेवर लवंगेचं तेल लावलं. "दुखणं अंगावर काढू नये," म्हणाले. मी तोंड उघडं ठेवून तशीच बसून राहिले.

आकडा उतरला. पस्तीसचा बत्तीस झाला. तो मीच काढत होते. खोटा आकडा लिहिणं सहज जमलं असतं, ह्यांनी माझा भागाकार कधी तपासला नाही. पण ते मला कधी सुचलं नाही. पेट्रोल काढताना काही वाटलं नाही, आणि बत्तीसच्या जागी पस्तीस लिहिणं मात्र पाप वाटलं असतं. माणूस कुठे प्रामाणिक राहील याचा नेम नाही.

उन्हाळा चढला तसं केळींना पाणी जास्त लागू लागलं. भावाचं इंजिन जुनं, दहा वेळा बंद पडायचं. डबे दोन झाले. दोनशे दहा मैलांना सात गॅलन. तीस.

हे हैराण झाले. आधी गाडी चालवायची रीत बदलली. उतार आला की इंजिन बंद करत. वळणावर ब्रेक लावायचा नाही म्हणून लांबूनच सावकाश येत. बूट जड पडतो म्हणून अनवाणी पायाने गाडी चालवून बघितली. वजन कमी करायचं म्हणून जादा चाक काढून ओट्यावर ठेवलं, औषधांची मोठी पेटी जाऊन लहान आली. मला महिन्यातून एकदा भुसावळला देवळात घेऊन जात, तेही बंद केलं. "तुझं वजन फार आहे असं नाही," म्हणाले, "पण प्रयोग करायचा तर नीट करावा." मी पंचाण्णव पौंडांची होते.

रविवारी मी आकडा सांगायचे आणि हे खुर्चीत मागे टेकायचे. पूर्वीसारखं "हं, लिही" म्हणायचे नाहीत. "पुन्हा कर," म्हणायचे. मी पुन्हा करायचे. तीसच यायचे.

आमच्याकडे नाना कंपाउंडर होते. पन्नाशीचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातले. बायको आणि थोडी कोरडवाहू जमीन तिकडे, नाना इथे दवाखान्यामागच्या खोलीत राहायचे. औषधं घोटायचे, सुया उकळायचे, आणि रोज सकाळी गाडी पुसायचे. बोलणं कमी. मला त्यांच्याशी बोलायला भीती वाटत नसे, अशी फार थोडी माणसं होती. जेवायला वाढलं की "बाई, आमटी झकास," एवढं न चुकता म्हणायचे. आमटी बिघडली तरी म्हणायचे.

एका रविवारी आकडा एकोणतीस आला. ह्यांनी वही माझ्या हातातून घेतली, पानं उलटली आणि म्हणाले, "गाडीत काही बिघाड नाही. कोणीतरी पेट्रोल काढतंय."

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. ह्यांचं लक्ष नव्हतं.

"किल्ली कुठे असते ते तिघांना माहीत. मी, तू आणि नाना. तुला तर टाकी पुढे आहे की मागे तेही माहीत नाही."

 तेव्हा बोलायला हवं होतं. ते वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनात बोलले असेन. लहानसं वाक्य आहे.

दवाखान्यात जाऊन ह्यांनी विचारलं, "नाना, गाडीतलं पेट्रोल कोणी काढतं का?"

"मी काढत नाही, साहेब."

"तुम्ही काढता असं मी म्हटलं नाही."

"मलाच विचारलंत, म्हणून सांगितलं."

मी दाराआड होते. नानांनी आणखी काही सांगितलं नाही. हेही थांबले असते. पण संध्याकाळी वकील आले, आणि ह्यांनी आपली अडचण त्यांना सांगितली. दवाखान्यात आठ-दहा पेशंट बसले होते, त्यांत नानांच्या गावाकडचे दोघे. वकिलांना थट्टेशिवाय जमत नसे. मोठ्याने म्हणाले, "काय नाना, सकाळी गाडी पुसता की दोहता?"

सगळे हसले. गावाकडचे दोघेही हसले.

दुसऱ्या दिवशी नाना आपली वळकटी बांधून आले. ह्यांना म्हणाले, "साहेब, मी येतो." ह्यांनी थांबा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मग नाना आत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. कुठली बाटली कुठे, बँडेज कुठे, स्पिरिट कुठे, ते मला सांगितलं. आणि म्हणाले, "बाई, ती रबरी नळी आता सोडा घातलेल्या कढत पाण्यात धूत जा. नुसत्या साबणाने वास जात नाही. पेशंटला त्रास होतो."

मी जमिनीकडे बघत होते. ते गेल्याचं मला चपलांच्या आवाजावरून कळलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. किती महिने ते माहीत नाही. दर शनिवारी संध्याकाळी ते ती नळी धुऊन, वाळवून परत खिळ्याला टांगत होते, आणि ह्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी फक्त स्वतःपुरतं उत्तर दिलं.

शनिवारी भाऊ आला. मी सांगितलं, "आता नाही देता येणार. दाजी नको म्हणाले." भाऊ म्हणाला, "नको तर नको. तुह्यं तोंड कायले उतरलं?" केळीचा फणा ठेवून तो गेला. दोन्ही डबे रिकामे घेऊन गेला. मला वाटलं, आता तरी मी बरोबर वागले.

पुढच्या रविवारी दोनशे सोळा मैल, सहा गॅलन. छत्तीस.

"बघ," हे म्हणाले. "नाना गेले आणि गाडी सुधारली." समाधानाने नाही म्हणाले. दुःखानेच म्हणाले. "एवढी वर्षं घरच्यासारखा माणूस."

मी चोरी थांबवली, म्हणून नाना चोर ठरले. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आठाने भागता येत होतं मला. मी पेट्रोल काढत राहिले असते तर निदान नाना सुटले असते. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी पस्तीस, छत्तीस, पस्तीस. ते आकडे मी माझ्या हाताने लिहिले. सुवाच्य.

बोलायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी दुसरा मार्ग काढला. महिना-दीड महिना गेल्यावर मी पुन्हा दुपारी झाकण उघडू लागले. आता डबा न्यायला कोणी येणार नव्हतं. मी पेट्रोल बादलीत काढून परसात, उकिरड्याच्या पलीकडे मातीत ओतत होते. ओतताना वास इतका यायचा की वाटायचं, अख्ख्या आळीला कळलं. माहेरी जात होतं तेव्हा त्याचं निदान पाणी होत होतं. हे नुसतं मातीत जिरत होतं. पण आकडा खाली आणायचा होता. नाना नसताना आकडा खाली आला की हे समजतील, असं मी ठरवलं होतं. तोंडाने एक वाक्य बोलायच्या ऐवजी मी पाच आठवडे पेट्रोल मातीत घातलं.

तीस. एकोणतीस. तीस.

ह्यांनी भुसावळहून मेकॅनिक आणला. त्याने दिवसभर इंजिनाचे भाग चादरीवर मांडले, परत बसवले, आणि म्हणाला, "डाक्टरसाब, कुछ नहीं है." तो गेल्यावर हे ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "नाना नव्हते. गाडीच लहरी आहे. मी त्या माणसाला उगीच घालवलं."

लगेचच्या रविवारी आम्ही यावलच्या पुढे नानांच्या गावाला गेलो. ह्यांनी मला बरोबर घेतलं. वजनाचा प्रयोग संपला होता. वाटेत मी दोनदा तोंड उघडलं. इंजिनाचा आवाज फार होता, असं मी स्वतःला सांगितलं.

नाना अंगणात दोर वळत बसले होते. ह्यांनी सरळ सांगितलं, "नाना, माझी चूक झाली. गाडीतच खोट होती. तुम्ही परत चला."

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पेशंटची जखम सुकली का बघावी तसं. मग ह्यांना म्हणाले, "मशीन आहे, साहेब. चालायचंच."

"मग कधी येता?"

"आता नाही येत. आता निघालो तर गाव म्हणेल, मालकाने बोलावलं तसा चोर परत गेला. इथे बसलो तर निदान हळूहळू विसरतील."

"गावात असं बोलतात?"

नाना हसले. "त्या दिवशी दवाखान्यात आमचे दोघे होते ना. माझ्या आधी ते घरी पोचले."

त्यांची बायको घरातून बाहेर आली नाही. चहा नानांनीच आणून दिला.

परत आल्यावर ह्यांचं गाडीवरचं मन उडालं. "ज्या गाडीचा आकडा खरा नाही ती ठेवून काय करायचं," म्हणाले. आठवड्याच्या आत धुळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याला ती विकली. तो न्यायला आला त्या दिवशी हे दवाखान्यातून बाहेर आले नाहीत. मी खिडकीतून बघितलं. गाडीचा पिठाच्या गिरणीसारखा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. रविवार आला, गेला. वही कपाटात पडून होती. खुर्ची माझ्याकडे वळली नाही. माझी ती सकाळही मीच घालवली होती, पण त्याबद्दल रडायला मला तोंड नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी धुळ्याहून पत्र आलं. जेवण झालं होतं, हे ओट्यावर चष्मा लावून वाचत होते. वाचता वाचता थांबले आणि मग मोठ्याने वाचलं. गाडी उत्तम चालते. आपण कधी पस्तीस मैल, कधी तीस असं सांगितलं होतं, आम्हाला दर वेळी छत्तीस पडतात. आभारी आहे.

ह्यांनी पत्राची घडी घातली.

"म्हणजे गाडी खरी होती," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे नानाच. गेल्यावरसुद्धा कोणाला तरी पाठवत असणार. आणि मी त्यांच्या अंगणात जाऊन माफी मागून आलो."

त्याच आठवड्यात यावलच्या एका डॉक्टरांचं पत्र आलेलं होतं. नानांना कामावर ठेवायचं आहे, माणूस कसा आहे, असं त्यांनी विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं होतं. हे उठले, दौत-टाक घेतला, आणि लिहायला बसले. मी दारातून बघत होते. पहिली ओळ झाली. टाक पुन्हा दौतीत गेला.

"नका लिहू," मी म्हणाले. "पेट्रोल मी काढत होते."

ह्यांनी वर बघितलं. बहुतेक कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज पहिल्यापेक्षा बारीक निघाला.

"तू? कशाने?"

"एनिमाच्या नळीने."

"कशासाठी?"

मी भावाचं सांगितलं. डब्याचं सांगितलं. मातीत ओतलेलंही सांगितलं. हे ऐकत होते. मधेच म्हणाले, "मग त्या लवंगा—" टाकाची शाई कागदावर पडून डाग झाला होता, त्याच्याकडे बघत राहिले.

"नानांना माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे ह्या घरात माहीत नसलेला मी एकटाच."

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी तो कागद बाजूला केला, नवा घेतला, आणि नानांबद्दल चांगलं पत्र लिहिलं. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं, जसं मी रविवारी आकडा वाचून दाखवत असे. मग म्हणाले, "पण हे यावलच्या डॉक्टरांपुरतं झालं. नानांच्या गावाला जाऊन तू सांगायचं."

"नानांना माहीत आहे."

"ज्यांना माहीत नाही त्यांना."

आम्ही एस.टी.ने गेलो. उतरल्यावर हे थांब्याजवळच्या हॉटेलात बाकावर बसले. "मी येणार नाही," म्हणाले. "मी आलो तर मीच बोलेन." मी एकटी गेले. त्या गावात एकटीने चालताना प्रत्येक दारातून कोणीतरी बघतंय असं वाटत होतं, आणि बघत होतेच.

नाना शेतात गेले होते. त्यांची बायको अंगणात बाजरी पाखडत होती. मी कोण ते तिने ओळखलं. बस म्हणाली नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं. शब्द उलटसुलट पडत होते, पण शेवटपर्यंत सांगितलं. तिचं सूप थांबलं.  म्हणाली, "त्यास्नी माले कधीच सांगं नही."

मग तिने सूप खाली ठेवलं, कुंपणापाशी गेली आणि पलीकडच्या बाईला हाक मारली. ती आली. नानांची बायको मला म्हणाली, "आते परत सांग, बाई. हाई मनी शेजारीन शे. बठ्ठा गावमा हाईनीच सांगेल व्हतं."

सगळ्या गावात जिने पसरवलं होतं तिला मी परत सांगितलं. शेजारीण पदराने तोंड झाकून ऐकत होती. तेवढ्यात पाण्याला निघालेल्या दोघी थांबल्या. "त्यास्लेबी सांग," नानांची बायको म्हणाली. मी तिसऱ्यांदा सांगितलं. मी काढलं. डॉक्टरांच्या बायकोने. नानांनी नाही. एकीने विचारलं, "डाक्टरनी मारं नही का?" मी नाही म्हणाले. दुसरी हसली. ते हसणं मी अंगावर घेतलं. ज्या दिवशी वकील बोलले त्या दिवशी नानांनी आठ-दहा जणांचं घेतलं होतं.

चौथ्या वेळी सांगत होते तेव्हा नाना आले. डोक्यावर चाऱ्याचा भारा होता. अंगणातल्या बायका बघितल्या, मला बघितलं, आणि त्यांना कळलं. भारा गोठ्याशी टाकून त्यांनी पाय धुतले. मग बायकोला म्हणाले, "पुरे व. बस झायं."

"नही," ती म्हणाली. "पाटलीणबाईनं घर राह्यनं शे अजून."

नाना माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला नको असेल तर नका जाऊ."

मी चपला घातल्या आणि त्यांच्या बायकोच्या मागून निघाले. ती भरभर चालत होती. मागे वळून ती एकदाच बोलली, "मोठ्यानं सांगजो तठे. तिले कमी आयकू येस."